बिघडलेल्या पॅकेज डेटाबेसची दुरुस्ती : उबुंटू आणि डेबियन वापरणाऱ्या नवशिक्यांसाठी

नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ऊन तापते, चारनंतर आभाळ भरून येते आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर अनेकदा वीज जाते. त्याच वेळी अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या लहान वर्कशॉपमधला, चलने आणि ड्रॉइंग ठेवण्यासाठी वापरला जाणारा उबुंटूचा संगणक अपडेट घेत असेल, तर तो मध्येच बंद पडतो. वीज आल्यावर तो सुरू होतो, ब्राउझर उघडतो, लिबरऑफिस चालते, प्रिंटरही छापतो. पण नवे काही इन्स्टॉल करायला किंवा अपडेट घ्यायला गेले की लाल अक्षरांत त्रुटी येते आणि प्रत्येक वेळी तीच येते. असा संगणक दुकानात नेला, तर ‘फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा’ हे उत्तर ठरलेले असते. बहुतेक प्रसंगी फॉरमॅटची अजिबात गरज नसते. बिघडलेली असते ती केवळ नोंदवही, म्हणजे संगणकावर कोणती पॅकेजे (प्रोग्राम आणि त्यांचे भाग) बसवली आहेत हे लिहून ठेवणारा पॅकेज डेटाबेस. सातबाऱ्याचे पान फाटले म्हणून शेत वाहून जात नाही, तसेच येथेही प्रोग्राम आपापल्या जागी शाबूत असतात आणि त्यांची नोंद तेवढी पुन्हा नीट लावायची असते.

या लेखात दिलेली पद्धत उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट आणि याच घराण्यातील इतर वितरणांना लागू पडते. फेडोरा आणि तिच्या कुळातील यंत्रणांविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे. कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात. ‘डीपीकेजी’, ‘एपीटी’, ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘एलएस’ यांसारखी नावे अक्षर-अक्षर वाचून लिहावीत, तर ‘स्टेटस’, ‘अपडेट्स’, ‘बॅकअप्स’ हे पूर्ण इंग्रजी शब्द आहेत. यांपैकी डीपीकेजी हा प्रोग्राम पॅकेजे प्रत्यक्ष बसवतो आणि त्यांची नोंद ठेवतो, तर एपीटी ती इंटरनेटवरून आणून डीपीकेजीकडे सोपवतो. मार्गातील ‘व्हार’ म्हणजे व्ही, ए, आर आणि ‘लिब’ म्हणजे एल, आय, बी. मोकळ्या जागा, तिरक्या रेघा आणि जोड-रेघा जशा दाखवल्या आहेत तशाच द्याव्यात. नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी तेथेच निर्माण होतात.

हा डेटाबेस नेमका कोठे असतो

‘डेटाबेस’ म्हटल्यावर एखादी गुंतागुंतीची बंदिस्त फाइल डोळ्यांसमोर येते. डेबियन घराण्यात तसे काही नाही. /व्हार/लिब/डीपीकेजी या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली असतात आणि त्या कोणालाही उघडून वाचता येतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाची फाइल म्हणजे ‘स्टेटस’. संगणकावरील प्रत्येक पॅकेजची एक नोंद तिच्यात असते आणि दोन नोंदींमध्ये एक कोरी ओळ असते. नॅनो या लहानशा संपादकाची नोंद साधारण अशी दिसते :

पॅकेज: नॅनो
स्टेटस: इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड
आर्किटेक्चर: एएमडी६४
व्हर्जन: ७.२-१

याखाली अवलंबित्वे (ज्या इतर पॅकेजांवर हे पॅकेज विसंबते ती), वर्णन इत्यादी ओळी येतात. तिसरा शब्द ‘इन्स्टॉल्ड’ असेल तर पॅकेज पूर्ण बसलेले आहे. ‘हाफ-इन्स्टॉल्ड’, ‘अनपॅक्ड’ किंवा ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ असेल तर काम अर्धवट राहिले आहे. स्टेटसच्या शेजारी ‘स्टेटस-ओल्ड’ ही आदल्या अवस्थेची प्रत असते. ‘इन्फो’ या उपफोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजने कोणकोणत्या फाइली कोठे ठेवल्या याच्या याद्या असतात. ‘अपडेट्स’ या उपफोल्डरमध्ये डीपीकेजी चालू कामातले बदल तात्पुरते लिहून ठेवते आणि नंतर ते स्टेटसमध्ये मिळवते; एरवी हे उपफोल्डर रिकामे असते.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स हे फोल्डर. इंटरनेटवरील भांडारांत काय उपलब्ध आहे याच्या उतरवून घेतलेल्या याद्या तेथे असतात. त्या कितीही बिघडल्या तरी पुन्हा उतरवून घेता येतात, म्हणून त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. स्टेटस फाइल मात्र इंटरनेटवरून मिळत नाही, कारण तिच्यात आपल्याच संगणकाचा वृत्तान्त असतो. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी या दोहोंपैकी काय बिघडले आहे, हे ओळखणे अर्धे काम आहे.

हात लावण्यापूर्वी

सर्वप्रथम, दुसरी एखादी प्रक्रिया चालू नाही ना, हे पाहावे. ‘कुड नॉट गेट लॉक’ असा संदेश आला, तर बहुधा काहीही बिघडलेले नसते. उबुंटू पार्श्वभूमीवर स्वतःहून सुरक्षा-अपडेट घेत असते आणि तोवर दुसऱ्याला आत येऊ देत नाही. अशा वेळी लॉकची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. फाइल पुसल्याने चालू प्रक्रिया थांबत नाही. दोन प्रक्रिया एकाच वेळी स्टेटस लिहू लागण्याची वाट तेवढी मोकळी होते, आणि मग जो डेटाबेस धड होता तोही खरोखर बिघडतो. कोण काम करत आहे ते पुढील कमांडने कळते (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) :

सुडो फ्यूजर -व्ही /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड

नाव दिसले, तर चहा घेऊन यावा आणि पुन्हा पाहावे. काहीच दिसले नाही, तर पुढे जावे.

यानंतर जागा तपासावी. डिस्क भरलेली असेल, तर कोणतीही दुरुस्ती अर्ध्यावर तुटेल. ‘डीएफ -एच’ या कमांडने मोकळी जागा आणि ‘डीएफ -आय’ने आयनोड (फाइलींच्या नोंदींसाठी राखलेल्या जागा) दिसतात, दोहोंपैकी एकही शंभर टक्के भरलेला असू नये. जागा करण्याचा सर्वांत निर्धोक उपाय ‘सुडो एपीटी क्लीन’ हा आहे, कारण त्याने केवळ उतरवून ठेवलेली इन्स्टॉलरची पाकिटे जातात, बसवलेले काही जात नाही. पाकिटांतील एखादे बाहेरून आणलेले असल्यास ते आधी बाजूला ठेवावे, एवढीच खबरदारी.

तिसरी तपासणी डिस्कच्या प्रकृतीची, आणि हीच बहुतेक जण टाळतात. डीपीकेजी स्टेटस फाइल जपून लिहिते : नवी प्रत आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहिली जाते, डिस्कवर उतरल्याची खात्री केली जाते आणि त्यानंतरच तिला जुन्या फाइलची जागा दिली जाते. त्यामुळे केवळ वीज गेल्याने स्टेटसच्या मधोमध कचरा दिसू लागला, तर संशय फाइलप्रणालीवर किंवा डिस्कवरच घ्यावा. ‘सुडो डीमेसेज’ या कमांडच्या मजकुरात (डी, एम, ई, एस, जी अशी पाचच अक्षरे टाइप करावीत) ‘आय/ओ एरर’ असे शब्द वारंवार येत असतील, किंवा कोणत्याही बदलाला ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ असे उत्तर मिळत असेल, तर डेटाबेसची दुरुस्ती तेथेच थांबवावी. पेनड्राइव्हवरील लाइव्ह उबुंटूने संगणक सुरू करून आधी ‘होम’ फोल्डरची प्रत बाहेर काढावी, मग माउंट न केलेल्या (वापरासाठी न जोडलेल्या) विभागावर ‘एफएसके -एफ’ चालवावे (हे नाव एफ, एस, सी, के असे लिहितात). त्याच लाइव्ह यंत्रणेत स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज बसवून डिस्कचा स्वतःचा अहवाल पाहता येतो. बिघडलेल्या यंत्रणेत ते बसवता येणार नाही, हे उघड आहे. अहवालात ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर नवी डिस्क घ्यावी. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्त केलेला डेटाबेस आठवडाभरात पुन्हा बिघडतो.

आता प्रत काढणे. येथून पुढच्या सर्व कमांड ‘सुडो -आय’ देऊन मूळ वापरकर्ता झाल्यानंतर द्यायच्या आहेत. ओळीच्या सुरुवातीचे चिन्ह डॉलरऐवजी # झाले की तसे झाले असे समजावे.

सीपी -ए /व्हार/लिब/डीपीकेजी /रूट/डीपीकेजी-मूळ
सीपी -ए /व्हार/बॅकअप्स /रूट/बॅकअप्स-मूळ
सीपी -ए /व्हार/लिब/एपीटी/एक्स्टेंडेड_स्टेट्स /रूट/

‘मूळ’ऐवजी रोमनमध्ये कोणतेही नाव चालेल. दुसरी ओळ अनेकांना अनावश्यक वाटते, पण ती महत्त्वाची आहे. यंत्रणा रोज एकदा स्टेटस फाइल पाहते आणि ती बदललेली असल्यास /व्हार/बॅकअप्समध्ये नवी प्रत ठेवून सर्वांत जुनी टाकून देते. आपण दोन-तीन दिवस चाचपडत राहिलो, तर बिघडलेल्या प्रती आत जातात आणि चांगल्या प्रती बाहेर पडतात.

त्रुटीचा संदेश वाचणे

त्रुटीचा संदेश पूर्ण वाचावा. त्यात फाइलचे नाव आणि बहुधा ओळीचा क्रमांकही असतो. तो मोबाइलवर टिपून घ्यावा.

सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’. यात डेटाबेस धड आहे, काम तेवढे अर्धवट आहे. उपाय संदेशातच दिलेला असतो :

डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

दुसरी कमांड काय काढणार आणि काय बसवणार याची यादी दाखवून परवानगी मागते. काढण्याच्या यादीत डेस्कटॉपचे किंवा कर्नलचे पॅकेज दिसले, तर होकार देऊ नये.

वीज गेल्यानंतर सर्वाधिक आढळणारा दुसरा प्रकार असा : ‘पार्सिंग फाइल /व्हार/लिब/डीपीकेजी/अपडेट्स/०००३ नियर लाइन ०’. येथे तात्पुरत्या नोंदींपैकी एक तुटली आहे, स्टेटसला काही झालेले नाही. अपडेट्समधील फाइली बाजूला हलवाव्यात आणि ते उपफोल्डर मात्र जागेवर रिकामे राहू द्यावे, कारण तेच नाहीसे झाले तर डीपीकेजी नव्याने तक्रार करते.

एमकेडीआयआर /रूट/अपडेट्स-जुने
एमव्ही /व्हार/लिब/डीपीकेजी/अपडेट्स/* /रूट/अपडेट्स-जुने/
डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

शेवटच्या काही पॅकेजांची ताजी नोंद यात हरवते, म्हणून त्यानंतर ‘एपीटी अपडेट’ आणि ‘एपीटी अपग्रेड’ चालवून ती पॅकेजे पुन्हा बसू द्यावीत.

तिसऱ्या प्रकारात एपीटी ‘एन्काउंटर्ड अ सेक्शन विथ नो पॅकेज हेडर’ असे म्हणते आणि पुढच्याच ओळीत ‘प्रॉब्लेम विथ मर्जलिस्ट’ लिहून एका फाइलचे नाव देते. ते नाव /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्समधले असेल, तर दोन मिनिटांचे काम आहे : त्या फोल्डरमधील सर्व काही पुसून ‘एपीटी अपडेट’ द्यावे. हॉटेलच्या किंवा महाविद्यालयाच्या वायफायवर लॉगिनचे पान मध्ये आल्यानेही याद्यांत भलताच मजकूर शिरतो. तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट घ्यावे. नाव स्टेटस फाइलचे असेल, तर काहीही पुसू नये आणि पुढचा भाग वाचावा.

स्टेटस फाइल बिघडली असेल तर

पहिल्यांदा आकार पाहावेत :

एलएस -एल /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस* /व्हार/बॅकअप्स/डीपीकेजी.स्टेटस.*

डेस्कटॉपवरील स्टेटस फाइल सहसा काही एमबीची असते. ती शून्य बाइटची किंवा इतर प्रतींपेक्षा फारच लहान दिसली, तर नोंदी कापल्या गेल्या आहेत. फाइल पूर्ण रिकामी झाली असेल, तर एक विचित्र गोष्ट घडते : डीपीकेजी कोणतीही त्रुटी दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने या संगणकावर काहीच बसवलेले नाही. अशा अवस्थेत ‘एपीटी इन्स्टॉल’ दिले, तर एका लहान पॅकेजसाठी शेकडो पॅकेजे उतरवण्याची यादी येते. ती यादी पाहून एंटर दाबू नये.

आकार ठीक आहे पण वाचता येत नाही, अशी स्थिती असेल, तर फाइल प्रत्यक्ष पाहावी. ‘लेस /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ असे दिल्यावर लेसने ‘ही बायनरी फाइल असू शकते, तरी पाहायची का’ अशा अर्थाचा प्रश्न विचारला, तर तोच पुरावा समजावा. साध्या मजकुरात बायनरी कचरा शिरला आहे. होकार देऊन खाली जात राहिल्यास एके ठिकाणी नेहमीच्या ओळी संपून ^@^@^@^@ अशी चिन्हांची रांग दिसते आणि काही पडदे पुढे गेल्यावर पुन्हा व्यवस्थित नोंदी सुरू होतात. ही रांग म्हणजे डिस्कवर न उतरलेला मजकूर, ज्याच्या जागी शून्ये राहिली.

बाधित भाग लहान असेल, म्हणजे एक-दोन नोंदींपुरता असेल, तर तो हाताने काढता येतो. त्रुटीतील ओळीचा क्रमांक वापरून ‘नॅनो +१८२३४ /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ याप्रमाणे थेट तेथे पोहोचावे. वाचणाऱ्या प्रोग्रामला चूक जेथे लक्षात आली तो हा क्रमांक असतो. प्रत्यक्ष दोष अनेकदा दोन-चार ओळी वर असतो, म्हणून वरच्या कोऱ्या ओळीपासून खालच्या कोऱ्या ओळीपर्यंतची पूर्ण नोंद तपासावी. अर्धवट नोंद दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती संपूर्ण काढून टाकणे चांगले, मात्र तिचे नाव वहीत लिहून घ्यावे. नोंद गेल्याने प्रोग्राम पुसला जात नाही. डीपीकेजीला तो दिसेनासा होतो इतकेच, आणि तेच पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केल्यावर नोंद परत येते. दोन नोंदींमध्ये एकच कोरी ओळ राहील याची काळजी घ्यावी.

बाधित भाग मोठा असेल तर जुन्या प्रतीकडे वळावे. येथे घाई करून पहिली मिळेल ती प्रत मूळ जागी ठेवण्याचा मोह होतो. त्याऐवजी प्रत आधी वेगळ्या फोल्डरमध्ये तपासून पाहावी. डीपीकेजीला डेटाबेसचे फोल्डर बदलून सांगता येते, याचा येथे मोठा उपयोग होतो.

सीपी -ए /व्हार/लिब/डीपीकेजी /रूट/चाचणी
सीपी /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस-ओल्ड /रूट/चाचणी/स्टेटस
डीपीकेजी --ॲडमिनडिर=/रूट/चाचणी --ऑडिट

या पर्यायाचे नाव ‘ॲडमिन’ आणि त्याला जोडून डी, आय, आर असे लिहितात. पार्सिंगची (फाइल वाचून समजून घेण्याची) त्रुटी आली नाही, तर ती प्रत वाचण्याजोगी आहे. आता तिच्यात किती नोंदी आहेत ते मोजावे :

ग्रेप -एसीआय '^पॅकेज:' /रूट/चाचणी/स्टेटस

(पर्यायात ए, सी, आय ही तीन अक्षरे आहेत, त्यामुळे लहान-मोठ्या अक्षरांचा भेद राहत नाही आणि मध्ये कचरा असला तरी मोजणी होते.) हाच आकडा /व्हार/बॅकअप्समधील प्रतींचाही काढावा. ‘डीपीकेजी.स्टेटस.०’ ही सर्वांत ताजी प्रत उघडी असते, तर १ ते ६ क्रमांकाच्या प्रती जीझेड स्वरूपात दाबलेल्या असतात आणि ‘झेडकॅट’ने अशा उघडता येतात :

झेडकॅट /व्हार/बॅकअप्स/डीपीकेजी.स्टेटस.१.जीझेड > /रूट/चाचणी/स्टेटस

नोंदींचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तर सर्वांत ताजी धड प्रत निवडावी. एखादी प्रत ताजी असूनही तिच्यात निम्म्याच नोंदी असतील, तर तिच्याआधीची घ्यावी. तारखेपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवणे या कामात श्रेयस्कर ठरते. निवड झाल्यावर :

सीपी /रूट/चाचणी/स्टेटस /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस
सीएचमॉड ६४४ /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस
डीपीकेजी --ऑडिट

अपडेट्स उपफोल्डरमध्ये जुन्या फाइली पडून असतील, तर त्या आधी सांगितल्याप्रमाणे बाजूला कराव्यात. नव्या स्टेटसवर जुने तुकडे चढले, तर पुन्हा घोळ होतो.

जुनी नोंद आणि आजची स्थिती यांचा मेळ

बहुतेक मार्गदर्शनपर लेख स्टेटस परत ठेवल्यावर संपतात, आणि महिन्याभराने काहीतरी विचित्र घडू लागते. कारण नोंद जुन्या तारखेची असते आणि डिस्कवरचे प्रोग्राम आजचे असतात. निवडलेली प्रत मंगळवारची असेल आणि बिघाड शुक्रवारी झाला असेल, तर मधल्या दिवसांत काय-काय बसवले गेले हे डीपीकेजीला ठाऊक नसते. सुदैवाने त्याची दैनंदिनी वेगळी असते :

ग्रेप ' इन्स्टॉल्ड ' /व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग

प्रत्येक ओळीत दिनांक, वेळ, पॅकेजचे नाव आणि आवृत्ती मिळते. प्रतीच्या तारखेनंतरची नावे वेगळी काढावीत. माणसाने वाचण्यासाठी अधिक सोयीची फाइल म्हणजे /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग, ज्यात कोणती कमांड दिली गेली आणि तिने काय बसवले हे एकत्र लिहिलेले असते. लॉग नुकताच बदलला असेल, तर शेवटी ‘.१’ असलेली आधीची फाइलही पाहावी. नावे मिळाल्यावर :

एपीटी अपडेट
एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल नॅनो

नॅनोच्या जागी आपली सर्व नावे एका ओळीत, मध्ये मोकळी जागा सोडून द्यावीत. फाइली त्याच जागी पुन्हा लिहिल्या जातात आणि नोंद आजची होते. एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलविषयी विचारणा झाली, तर काही बोध होत नसल्यास आपली जुनी फाइल राखण्याचा, म्हणजे केवळ एंटर दाबण्याचा, पर्याय घ्यावा.

‘रीइन्स्टॉलेशन इज नॉट पॉसिबल’ असे उत्तर आले, तर ते पॅकेज भांडारात नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा संकेतस्थळावरून उतरवलेले एखादे सॉफ्टवेअर बहुधा या गटात मोडते. त्याची मूळ डेब फाइल शोधून ‘डीपीकेजी --इन्स्टॉल’ने ती बसवावी.

या टप्प्यावर ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ चालवू नये. कोणते पॅकेज आपण मागितले आणि कोणते केवळ अवलंबित्व म्हणून आले याची नोंद एक्स्टेंडेड_स्टेट्स या वेगळ्या फाइलमध्ये असते. ती आणि स्टेटस वेगवेगळ्या दिवसांच्या असतील, तर ऑटोरिमूव्ह गरजेची पॅकेजेही काढायला निघू शकते. आठवडाभर यंत्रणा सुरळीत चालल्यावर त्याची यादी शांतपणे वाचावी.

इन्फो फोल्डरमधील याद्या

स्टेटस धड असूनही ‘फाइल्स लिस्ट फाइल फॉर पॅकेज … मिसिंग’ अशा सूचना येत असतील, तर त्या पॅकेजची यादी हरवली आहे. ही केवळ सूचना असते, काम थांबत नाही. ते पॅकेज रीइन्स्टॉल केले की यादी तयार होते. यादी हरवलेली नसून बिघडलेली असेल, तेव्हा मात्र डीपीकेजी ‘मिसिंग फायनल न्यूलाइन’ किंवा ‘एम्प्टी फाइलनेम’ असे सांगून पूर्ण थांबते. उपाय थोडा उलटा वाटतो : /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फोमधील त्या पॅकेजची ‘.लिस्ट’ फाइल बाजूला हलवायची, म्हणजे त्रुटीची सूचना होते, आणि मग रीइन्स्टॉल करायचे. काही नावांच्या शेवटी ‘:एएमडी६४’ जोडलेले असते, ते पाहून घ्यावे. कोणत्या पॅकेजांच्या याद्या हरवल्या आहेत ते ‘डीपीकेजी --ऑडिट’ सांगते.

एकही प्रत उरली नसेल तर

स्टेटस, स्टेटस-ओल्ड आणि बॅकअप्स असे सर्वच गेले असेल, तर /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फोमधील ‘.लिस्ट’ फाइलींची नावे आणि /यूएसआर/शेअर/डॉकमधील फोल्डरांची नावे यांवरून कोणती पॅकेजे होती याची यादी बनवता येते. त्या यादीवरून रिकाम्या स्टेटसवर सर्व काही पुन्हा बसवता येते, हे तत्त्वतः खरे आहे. पण मूलभूत पॅकेजांचा क्रम सांभाळत हे करणे नवशिक्याचे काम नाही, आणि जाणकारानेही ते एखाद्या बंद करता न येणाऱ्या सर्व्हरसाठीच करावे. घरच्या किंवा वर्कशॉपच्या संगणकावर अशा वेळी ‘होम’ फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यावे, ही यादी सोबत ठेवावी आणि नवी यंत्रणा बसवावी. या एका परिस्थितीत दुकानदाराचा सल्ला बरोबर ठरतो.

तपासणी

दुरुस्ती पूर्ण झाली असे वाटल्यावर तीन कमांड द्याव्यात : ‘डीपीकेजी --ऑडिट’, ‘एपीटी-गेट चेक’ आणि ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’. पहिलीने काहीही छापू नये. दुसरीने याद्या वाचल्याचे सांगून त्रुटीशिवाय परतावे. तिसरीला वेळ लागतो, कारण ती प्रत्येक फाइल तिच्या नोंदलेल्या चेकसमशी (मजकुरावरून काढलेल्या पडताळणी-आकड्याशी) पडताळते. तिच्या उत्तरात ज्या ओळींच्या मध्ये ‘सी’ हे अक्षर एकटे दिसते त्या कॉन्फिगरेशन फाइली असून त्या बदललेल्या असणे स्वाभाविक आहे. ‘सी’ नसलेल्या ओळीत /यूएसआर खालची फाइल बदललेली किंवा ‘मिसिंग’ दिसली, तर ती कोणत्या पॅकेजची आहे हे ‘डीपीकेजी --सर्च’ आणि फाइलचा पूर्ण मार्ग देऊन शोधावे व ते पॅकेज रीइन्स्टॉल करावे.

फेडोरा, रॉकी आणि अल्मा यांच्याविषयी

तेथे डीपीकेजीच्या जागी असलेल्या आरपीएमचा डेटाबेस असतो आणि तो हाताने वाचता येत नाही. फेडोराने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून बर्कली डीबी सोडून एसक्यूलाइट स्वीकारले, त्यानंतर बिघाडाचे प्रमाण माझ्या पाहण्यात तरी कमी झाले आहे. प्रत काढताना फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ आणि बिंदू द्यावा, कारण फेडोरा ३६ पासून /व्हार/लिब/आरपीएम ही केवळ दुसऱ्या जागेकडे नेणारी खूण आहे आणि बिंदू न दिल्यास प्रत त्या खुणेचीच निघते.

सीपी -ए /व्हार/लिब/आरपीएम/. /रूट/आरपीएम-मूळ
आरपीएमडीबी --व्हेरिफायडीबी
आरपीएम --रीबिल्डडीबी
डीएनएफ चेक

रॉकी किंवा अल्माच्या ८ व्या आवृत्तीत बर्कली डीबीच आहे. तेथे रीबिल्डपूर्वी ‘__डीबी.’ने सुरू होणाऱ्या फाइली बाजूला कराव्यात. दोन अधोरेखांसह अशी नावे असलेल्या या फाइली तात्पुरत्या असतात.

पुन्हा हा प्रसंग येऊ नये म्हणून

अपडेट दोन भागांत घ्यावे. ‘एपीटी --डाउनलोड-ओन्ली अपग्रेड’ने सर्व पाकिटे आधी उतरवून घ्यावीत, या काळात वीज गेली तरी डेटाबेसला धक्का लागत नाही, कारण त्यात अजून काही लिहिलेलेच नसते. नंतर सकाळी, वीज स्थिर असताना ‘एपीटी अपग्रेड’ द्यावे. उतरवण्याचा वेळ वाचल्याने धोक्याचा काळ थोड्या मिनिटांवर येतो. घरी इनव्हर्टर असेल, तर त्याच्या मागील बाजूचे बटण ‘यूपीएस’ स्थितीत आहे ना ते पाहावे. साध्या स्थितीत वीज बदलायला जो क्षण लागतो तो पंख्याला जाणवत नाही, पण डेस्कटॉप संगणक तेवढ्यात पुन्हा सुरू होतो. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने काम करणाऱ्यांनी अपडेट टीमक्समध्ये चालवावे, म्हणजे आपल्याकडचे इंटरनेट तुटले तरी तिकडचे काम चालू राहते.

रोजची प्रत खरोखर निघते आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे. अलीकडच्या आवृत्त्यांत हे काम सिस्टमडीचा टायमर करतो, जुन्यांत क्रॉन करत असे. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस डीपीकेजी-डीबी-बॅकअप.टायमर’ असे दिल्यावर ‘ॲक्टिव्ह’ दिसले पाहिजे. या प्रती त्याच डिस्कवर असतात, म्हणून महिन्यातून एकदा /व्हार/बॅकअप्स हे फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावे; त्याला काही एमबींपेक्षा अधिक जागा लागत नाही.